सावकाराने दाराबाहेर थांबावं

पत्र थोडक्यात: चाळिशीजवळ आलेल्या एक वाचक एका खासगी कर्जकंपनीत थकबाकी वसुलीचा विभाग सांभाळतात. कर्जं छोटी, बिनतारण. घेणारे बहुतेक हातावर पोट असलेले. त्या ख्रिस्ती आहेत आणि नेमाने बायबल अभ्यास गटात जातात. त्यांचा धाकटा भाऊ सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात, शिकतो. त्याच्या मते भांडवलशाही म्हणजे संघटित पाप. येशूनंतरच्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीने सगळं सामाईक ठेवलं होतं, तेव्हा खरा ख्रिस्ती माणूस समाजवादीच असणार. बहिणीने पुस्तकांसाठी पाठवलेले पैसे त्याने ‘व्याजाचे आहेत’ म्हणून परत केले. सासऱ्यांचं मत नेमकं उलटं. समाजवादी राजवटींनी चर्च बंद पाडली, ‘चोरी करू नको’ ही आज्ञाच खासगी मालकी मान्य करते, तालांतांचा (धन्याने चाकरांकडे सोपवलेल्या पैशांचा) दृष्टान्त गुंतवणूक शिकवतो, काम करायची इच्छा नाही त्याने खाऊही नये असं प्रेषित पौलाने लिहून ठेवलंय, आणि कर्जदाराने सही केली की बोलण्यासारखं काही उरत नाही. गटात दोघांचे खटके उडतात आणि पुढच्या सत्रात हा विषय या वाचकांनीच मांडायचा आहे. त्या विचारतात: देवाला मान्य अशी अर्थव्यवस्था कोणती? मी नोकरी सोडू का? भावाशी कसं वागू?

ताई,

तुमचे तीन प्रश्न तुम्ही एकाला एक बांधून पाठवलेत. व्यवस्था पापी ठरली तर नोकरी पापी, नोकरी पापी ठरली तर भावाचं बरोबर. व्यवस्था निर्दोष ठरली तर तुम्ही सुटलात. म्हणून पहिल्या प्रश्नाच्या उत्तरासाठी तुमचा जीव एवढा टांगणीला लागलाय. मला ही बांधणीच पटत नाही. भांडवलशाही की समाजवाद, याचा निकाल उद्या लागला असं धरू. तरी सोमवारी सकाळी तुमच्या टेबलावर थकलेल्या खात्यांची जी यादी येते, तिचं काय करायचं हे त्या निकालातून कळणार नाही.

भाऊ आणि सासरे एकमेकांचे विरोधक आहेत, असं तुम्ही लिहिता. मला तर एका मोठ्या बाबतीत त्यांचं एकमत दिसतं. भाऊ म्हणतो, व्यवस्थाच सडलेली. मग तिच्यात राहून तुम्ही वसुली बरी करता की वाईट, याला अर्थ उरत नाही. सासरे म्हणतात, व्यवस्था ठीक आहे. मग नियमात बसणारी वसुली प्रत्यक्षात कशी होते हे बघायला नको. दोघांनाही एका कर्जदाराची फाइल उघडावी लागत नाही. आणि राग मानू नका, पण तुमच्या एवढ्या लांब पत्रातही एका कर्जदाराबद्दल चार ओळी नाहीत.

तरी आधी त्यांच्या वचनांकडे बघू, कारण दोघंही सोयीचं तेवढं वाचून थांबतात.

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायांत खरोखरच लिहिलंय की विश्वासणारे सगळं सामाईक ठेवत, जमिनी आणि घरं विकून आलेला पैसा प्रेषितांच्या पायाशी आणून ठेवत आणि ज्याला जशी गरज तसं वाटप होई. हे ‘आध्यात्मिक अर्थाने घ्यायचं’ म्हणून गुंडाळून ठेवणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. पण लगेच पाचव्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा हे जोडपं येतं. मालमत्ता विकतात, थोडा पैसा मागे ठेवतात आणि सगळा दिल्याचं भासवतात. तेव्हा प्रेषित पेत्र हनन्याला विचारतो: विकण्याआधी ती तुझीच होती ना? विकल्यावरही पैसा तुझ्याच हातात होता ना? अपराध खोटं बोलण्याचा होता. पैसे ठेवून घ्यायची मुभा होती. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने लिहिलेल्या नियमावलीत मठवाशाला स्वतःची म्हणून लेखणीसुद्धा ठेवायला बंदी आहे. सोळाव्या शतकात मोराव्हियात सुरू झालेले हटराइट हे ख्रिस्ती समुदाय, मधले खंड सोडले तर, आजही मालमत्ता सामाईक ठेवतात. दोन्हीकडे माणूस शपथ घेऊन किंवा बाप्तिस्मा घेऊन आपण होऊन सामील होतो. सरकारने हेच धाकदपटशाने करून पाहिलं तेव्हा काय झालं, ते सोव्हिएत सामूहिक शेतीनंतरच्या 1932-33 च्या दुष्काळात दिसलं. लाखो माणसं मेली. सासऱ्यांची भीती काही कल्पनेतून आलेली नाही, हे भावाने एकदा तरी मान्य करावं.

सासऱ्यांच्या बाजूनेही असंच. चोरी करू नको म्हणजे कुणाची तरी मालकी आहे, हे खरं. पण ही आज्ञा चौथ्या शतकातल्या धर्मपित्यांनी कशी वाचली ते बघा. कैसरियाचा बिशप बासिल भरलेल्या कोठारांच्या मालकांना सांगत होता की तुम्ही दाबून ठेवलेली भाकर भुकेल्याची आहे आणि पेटीतला अंगरखा उघड्याचा. जॉन क्रिसोस्तोमने तर आपल्या संपत्तीत गरिबाला वाटा न देणं ही चोरीच ठरवली. हे मार्क्सच्या दीड हजार वर्षं आधीचं. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने दोन्ही बाजू एकत्र आणल्या. खासगी मालकी चालेल, उपयोगीही आहे, कारण स्वतःच्या वस्तूची माणूस जास्त काळजी घेतो आणि भांडणं कमी होतात. मात्र वापर करताना ती वस्तू सर्वांची असल्यासारखी मानावी, आणि जिवावर बेतलेल्या माणसाने गरजेपुरतं उचललं तर ती चोरी नव्हे. सासऱ्यांना यातलं पहिलं वाक्य आवडेल, शेवटचं नाही. तालांतांचा दृष्टान्त मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. तो संपला की त्याच अध्यायात न्यायाच्या दिवसाचं वर्णन सुरू होतं, आणि तिथे कुणी किती नफा केला हे विचारलेलं नाही. भुकेल्याला जेवू घातलंत का, तुरुंगातल्या माणसाला भेटायला गेलात का, एवढंच विचारलंय.

आणि पौलाचं ते काम करण्याबद्दलचं वाक्य. सासऱ्यांना सांगा की 1936 च्या सोव्हिएत राज्यघटनेच्या बाराव्या कलमात तेच वाक्य, जवळजवळ शब्दशः, घातलं होतं. बोट ठेवून एखादं वचन दाखवता येतं म्हणजे व्यवस्था सिद्ध होते असं मानलं, तर कुणाच्या हाती काय लागेल याचा नेम नाही.

मग चर्चने इतक्या शतकांत कुठल्या व्यवस्थेवर शिक्का मारला का? पोप लिओ तेरावे यांनी 1891 मध्ये कामगारांच्या प्रश्नावर परिपत्रक काढलं. त्यात खासगी मालकीचा हक्क ठामपणे मांडला आणि समाजवाद नाकारला. त्याच परिपत्रकात कामगारांना संघटना करण्याचा हक्क दिला, आणि वेतनाबद्दल एक गोष्ट लिहिली जी तुमच्या सासऱ्यांच्या ‘सही केली’ या युक्तिवादाला थेट लागू पडते. गरजेपोटी किंवा आणखी वाईट होईल या भीतीने माणसाने कठोर अटी मान्य केल्या, तर ती संमती धरायची नाही. तो जबरदस्तीचा आणि अन्यायाचा बळी आहे. शंभर वर्षांनी, पूर्व युरोपातल्या साम्यवादी राजवटी कोसळल्यावर, पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रश्न घेतला: आता भांडवलशाही हाच आदर्श मानायचा का? त्यांनी एका शब्दात उत्तर द्यायचं नाकारलं. उद्योग, बाजार, मालकी आणि तिच्यासोबतची जबाबदारी यांना मान देणारी व्यवस्था म्हणत असाल तर होय. आर्थिक स्वातंत्र्याला माणसाच्या समग्र स्वातंत्र्याच्या सेवेला जुंपणारी कायद्याची भक्कम चौकट नसेल, तर नाही. प्रोटेस्टंट परंपरेत धागे आणखी वेगळे आहेत. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याने मिळेल तेवढं मिळवा, वाचेल तेवढं वाचवा, देता येईल तेवढं द्या असा उपदेश केला; पण मिळवण्याला अट घातली की शेजाऱ्याचं नुकसान करून नाही. म्हणजे ‘देवाची अर्थव्यवस्था’ असं लेबल लावून कुणी हातात डबा देईल ही अपेक्षा सोडा. परंपरेकडे कुठल्याही व्यवस्थेला विचारायचे प्रश्न आहेत. वेतन पुरतं का? कर्जात अडकलेल्याला पुन्हा उभं राहता येतं का? जमीन किंवा रोजीचं साधन एकदा गेलं की पिढ्यान्‌पिढ्या गेलं का?

इथे एक धोका आहे. ‘व्यवस्था सोडा, आपण आपल्यापुरतं चांगलं वागू’ असं मी सांगतेय, असा अर्थ काढू नका. गुलामगिरीचं उदाहरण घ्या. बायबलची वचनं देऊन तिचं समर्थन करणारे धर्मोपदेशक कमी नव्हते. 1758 मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभेने गुलाम बाळगणाऱ्या आपल्याच सदस्यांच्या घरी जाऊन त्यांच्याशी बोलण्यासाठी माणसं नेमली, त्यांत जॉन वूलमन होता. 1776 मध्ये, जे ऐकत नव्हते त्यांना सदस्यत्वातून काढायचं ठरलं. अर्थव्यवस्थेचा सिद्धांत पूर्ण होईपर्यंत ते थांबले नाहीत, स्वतःच्या लोकांची दारं ठोठावत फिरले. पण तेवढ्याने गुलामगिरी संपली नाही. ब्रिटनमध्ये 1807 चा व्यापारबंदीचा आणि 1833 चा मुक्तीचा कायदा व्हावा लागला. म्हणून कर्जदारांच्या संरक्षणाचे नियम कडक करायची मागणी कुणी करत असेल, तर त्याला पाठिंबा देणं हासुद्धा तुमच्या विश्वासाचाच भाग आहे, तुमची कंपनी कितीही कुरकुरली तरी.

आता तुमच्या टेबलाकडे येऊ.

‘अनुवाद’ या बायबलच्या पाचव्या पुस्तकाचा चोविसावा अध्याय काढा. मला वाटतं बायबलमध्ये वसुली विभागासाठी यापेक्षा नेमकं काही नाही. त्यात कर्ज गृहीत धरलंय. कर्ज बंद करा असं म्हटलेलं नाही. पण गहाण म्हणून कुणाचं जातं घेऊ नका, जात्याची वरची तळीसुद्धा नको, कारण ते त्याचा जीवच गहाण ठेवल्यासारखं होईल. रोजचं पीठ ज्यावर दळायचं तेच नेलं तर तो फेडणार कशाने? पुढे, गहाणवस्तू आणायला ऋणकोच्या घरात शिरू नका. बाहेर उभे राहा, तो स्वतः वस्तू घेऊन बाहेर येईल. माणूस गरीब असेल आणि पांघरूणच गहाण ठेवलं असेल, तर सूर्य मावळायच्या आत परत करा, म्हणजे त्याला ते पांघरून झोपता येईल. विधवेचं वस्त्र तर गहाण घ्यायचंच नाही.

घरात न शिरण्याचा नियम मी पुन्हा पुन्हा वाचलाय. सावकाराचा पैसा खरा आहे, त्याचा हक्क खरा आहे, आणि तरी तो हक्क दाराशी थांबतो. आत बायकामुलं आहेत, आणि कर्जदार अजूनही त्या घराचा कर्ता आहे. कुठली वस्तू द्यायची हेही तोच ठरवतो. तुमच्या विभागाला हाच नियम लावून बघा. नातेवाइकांना फोन करून ‘तुमच्या माणसाने पैसे बुडवलेत’ असं सांगणं म्हणजे घरात शिरणंच. कामाच्या ठिकाणी जाऊन सर्वांसमोर नाव घेणं, रात्री अकराला फोन करणं, तेही. बिनतारण कर्ज असताना तुमचा माणूस दबाव टाकून कुणाचं शिलाई मशीन किंवा गाडी ‘ठेवून घेत’ असेल, तर तुम्ही जात्याची तळी उचलून आणलीत.

त्याच अध्यायात थोडं पुढे मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्या असं आहे. हे तुमच्या वसुली कर्मचाऱ्यांसाठी वाचा. त्यांच्या पगाराचा किती भाग कमिशनचा आहे? टार्गेट पूर्ण झालं नाही तर त्यांचं घर कशावर चालतं? एका गरिबाच्या पगाराची दोरी दुसऱ्या गरिबाच्या हप्त्याला बांधली की दाराबाहेर कोण थांबेल?

दंडव्याजाबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण मला वाटतं तुमच्या मनातली खरी टोचणी तिथेच आहे. मध्ययुगीन चर्च व्याजाच्या कडक विरोधात होतं. 1179 मध्ये रोममध्ये भरलेल्या चर्चच्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने उघड सावकारी करणाऱ्यांना ख्रिस्ती दफनही नाकारलं. तरी त्याच काळातले धर्मपंडित ठरल्या दिवशी परतफेड न केल्याबद्दलचा ठरीव दंड मान्य करत होते. अट अशी की दिरंगाईत कर्जदाराचा दोष हवा, आणि दंड हे व्याज लपवायचं निमित्त नसावं. माणूस चुकणारच अशी मुदत मुद्दाम घालून दंडावर कमाई करायची, ही युक्ती त्यांना चांगली ठाऊक होती. पुढे 1545 मध्ये प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनने एका पत्रात व्याजाला सशर्त परवानगी दिली; पहिली अट, गरजू माणसाकडून घ्यायचं नाही. तुमच्या कंपनीच्या उत्पन्नात दंडव्याजाचा वाटा किती, हा आकडा मिळवा. तो मोठा असेल, तर लोक चुकतात म्हणून कंपनी जगतेय असा त्याचा अर्थ आहे, आणि मग या सगळ्या पंडितांपैकी एकही तुमच्या बाजूने उभा राहणार नाही.

‘मग कर्ज देणंच बंद करावं’ असं भाऊ म्हणेल. त्याला सांगा की धर्मशास्त्राला ही अडचण जुनीच आहे. अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात दर सातव्या वर्षी कर्जमाफी सांगितलीय, आणि तिथेच ताकीदही आहे की सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरिबाला कर्ज नाकारू नका. तरी लोक नाकारू लागले. शेवटी येशूच्या थोडं आधी होऊन गेलेल्या हिल्लेल या यहुदी गुरूंनी न्यायालयामार्फत कर्ज चालू ठेवण्याची तोड काढली, कारण माफीच्या भीतीने गरिबांना कुणी उभंच करेना. नियम चांगला, परिणाम उलटा. इटलीत 1462 मध्ये पेरुजा इथे फ्रान्सिस्कन संन्याशांनी दुसरी वाट काढली. गहाण ठेवून गरिबांना कर्ज देणारी धर्मादाय पेढी उभी केली आणि चालवायच्या खर्चापुरतं थोडं व्याज घेतलं. तेवढ्यावरही इतर संन्याशांनी वादळ उठवलं, आणि 1515 मध्ये पाचव्या लॅटरन परिषदेने ते मान्य केलं तेव्हा कुठे वाद निवळला. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत रायफायझेन या श्रद्धाळू महापौराने शेतकऱ्यांच्या पतसंस्था बांधल्या. गरिबाला कर्ज लागतंच. देणारा कोण आणि चुकल्यावर तो कसा वागतो, हे बघायचं असतं.

नोकरीबद्दल. लूकच्या शुभवर्तमानातले जकातदारांचे तीन प्रसंग बघा, तिन्ही वेळा गोष्ट वेगळी घडते. तिसऱ्या अध्यायात ते बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? जकातवसुली ही रोमन सत्तेखालची बदनाम व्यवस्था होती. योहान सहज म्हणू शकला असता की सोडून द्या. तो म्हणतो, ठरवून दिल्यापेक्षा जास्त घेऊ नका. पाचव्या अध्यायात लेवी नाक्यावरून उठतो आणि सगळं सोडून येशूमागे जातो. एकोणिसाव्यात जकातदारांचा मुख्य जक्कय अर्धी संपत्ती गरिबांना देतो आणि फसवून घेतलेलं चौपट परत करायचं कबूल करतो; नोकरी सोडली की नाही, लूक सांगत नाही. एकाच पुस्तकात एकाच धंद्यातल्या माणसांसाठी तीन वाटा. तेव्हा ‘ख्रिस्ती माणसाने वसुलीची नोकरी करावी का’ याला सरसकट उत्तर मागणं सोडा, तुम्हीही आणि असंच विचारणारे इतर वाचकही, मग ते विमा विकत असोत, जाहिराती लिहीत असोत की कामगारकपातीच्या याद्या करत असोत.

तुम्ही काय करावं? गेल्या काही महिन्यांत थकलेल्या खात्यांतल्या वीस-पंचवीस फायली स्वतः काढा, हाताखालच्या माणसाला सांगू नका. प्रत्येक फाइलमध्ये बघा: हा फेडू शकत नाही, की फेडत नाही? कर्ज घेताना एकूण किती परत करावं लागेल हे त्याला त्याच्या भाषेत कुणी सांगितलं होतं का? दंडावर दंड चढलाय का? फोन कुणाकुणाला गेले? काही खात्यांवर चुकीचा दंड लागलेला दिसेलच. तुमच्या अधिकारात असेल तर तो उलटवा, नसेल तर ज्याच्या अधिकारात आहे त्याच्याकडे पाठवा. जक्कयचा चौपट हिशेब तुम्हाला झेपणार नाही, पण एकपट तरी परत जाऊ द्या.

मग तुमच्या हातात काय आहे आणि काय नाही, हे वेगळं करा. व्याजदर तुम्ही ठरवत नसाल. फोन किती वाजेपर्यंत करायचे, नातेवाइकांना करायचे की नाही, आजारपणात किंवा काम गेल्यावर हप्ता थांबवायची शिफारस करायची की नाही, टार्गेट कसं मोजायचं, हे विभागप्रमुखाकडे बऱ्याच अंशी असतं. तेवढं आधी बदला. उरलेलं आकड्यांसह लेखी वर पाठवा. नैतिक धर्मशास्त्रात दुसऱ्याच्या पापातल्या सहभागाचे प्रकार केलेत: ते पाप स्वतःच इच्छिणं कधीच चालत नाही, आपलं काम त्याच्या उपयोगी पडणं हे मात्र आपण त्याच्या किती जवळ आहोत, हानी किती मोठी आहे आणि ते काम करत राहायला कारण किती सबळ आहे यावर तोलतात. भावाला सेमिनरीत हा भाग शिकावाच लागेल. त्याला विचारा, समजावून सांग म्हणून. ‘मी गेले तर माझ्यापेक्षा वाईट कुणी येईल’ हा विचार तुम्ही पत्रात दोनदा केलाय. तो अगदी खोटा नाही, पण त्याच्या आधाराने कुणीही कुठेही आयुष्यभर टिकून राहू शकतो, म्हणून त्याला मुदत घाला. सहा महिने म्हणा. काय बदललं नाही तर सोडायचं, हे आजच लिहून ठेवा आणि नवऱ्याला दाखवा. तोवर घरखर्चाची शिल्लक बाजूला काढा. हातात काही महिन्यांचे पैसे नसतील तर सहाव्या महिन्यात तुमची सदसद्विवेकबुद्धी नवीन कारणं शोधेल.

भावाने पैसे परत केले त्याचा अपमान मानू नका आणि पुन्हा पाठवूही नका. कुणाकडून काय घ्यायचं हे ठरवायचा त्याला हक्क आहे. सेमिनरी ज्या देणग्यांवर चालते त्याही कुणाच्या तरी पगारातून आणि ठेवींच्या व्याजातून येतात, हे त्याला कधीतरी कळेल; टोमणा म्हणून तुम्ही ते ऐकवू नका. त्यापेक्षा त्याला काम द्या. नावं आणि ओळख पटेल असं सगळं वगळून दोन प्रकरणं सांगा, एक न फेडणाऱ्याचं, एक फेडू न शकणाऱ्याचं, आणि विचारा, तू असतास तर काय केलं असतंस? ठाम मतं असलेल्या तरुणाला हा प्रश्न बरा पडतो.

गटाच्या सत्रात भांडवलशाही आणि समाजवाद हे दोन शब्द पहिला तासभर कुणी उच्चारायचे नाहीत असं ठरवा. अनुवादाचा चोविसावा अध्याय, सहाव्या वचनापासून शेवटपर्यंत, मोठ्याने वाचा. शेतात विसरलेली पेंढी परक्यासाठी, अनाथासाठी आणि विधवेसाठी सोडा, ही आज्ञाही त्यातच आहे. मग प्रत्येकाला विचारा: आपण कुणाला पगार देतो, कुणाकडून येणं आहे, कुणाचं देणं आहे, आणि या अध्यायाप्रमाणे काय बदलेल? घरकामाला येणाऱ्या बाईची सुट्टीची मजुरी, भाडेकरूची अनामत, भावकीतली जुनी उसनवारी, सगळं बाहेर येईल. सासऱ्यांना हनन्याचं वचन वाचायला द्या, पण बासिलचं म्हणणंही त्यांच्याच तोंडून येऊ द्या. भावाला उलटं. आपल्याला नको असलेलं वचन मोठ्याने वाचावं लागलं की आवाज थोडा खाली येतो. दुसऱ्या तासात व्यवस्थांवर हवं तेवढं भांडा.

आणि सहा महिन्यांनी सोडायचं ठरलं, तर राजीनाम्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहू नका. कुठल्या सूचना कधी दिल्या, किती खात्यांवर चुकीचा दंड आढळला, काय बदललं आणि काय नाकारलं गेलं, हे आकड्यांनिशी लिहा आणि एक प्रत कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे द्या. कर्जदारांची माहिती बाहेर नेऊ नका. तुमच्या जागी येणाऱ्या व्यक्तीला तुम्ही आखलेले फोनच्या वेळांचे आणि हप्ता थांबवण्याचे नियम लेखी मिळतील, एवढं शेवटच्या आठवड्यात बघा.